रविवारी कारखाना बंद असताना मीटर किती फिरतो?

प्रति,
महाराष्ट्रातील औद्योगिक कंपन्यांचे अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आम्ही कॉम्प्रेसर रूम, बॉयलर हाउस आणि सबस्टेशनमध्ये काम करणारी माणसं आहोत. आमच्यात एनर्जी ऑडिटर आहेत, मेंटेनन्स इंजिनिअर आहेत, बॉयलर अटेंडंट आहेत. आपल्या वार्षिक अहवालात नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, जे वर्ष छापलं जातं, ते गाठायचं काम याच खोल्यांमधून सुरू होतं. तिथे काय करायला हवं हे बहुतेक कारखान्यांत माहीत असतं, कागदावर लिहिलेलंही असतं. काम अडतं ते सहीपाशी, आणि ती सही आपली असते, म्हणून हे पत्र आपल्याला.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६(२) प्रमाणे भागधारक आणि कामगारांच्या हिताबरोबर पर्यावरणाचं रक्षण हेही संचालकाच्या कर्तव्यात येतं. कलम १३४ मुळे ऊर्जा बचतीसाठी काय केलं ते संचालकांच्या अहवालात लिहावं लागतं. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल बंधनकारक आहे. एवढं सगळं असूनही ऊर्जा बचतीचा परिच्छेद अनेक अहवालांत वर्षानुवर्षं तोच राहतो, फक्त साल बदलतं.

तेव्हा येत्या सोमवारच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा. काल रविवारी उत्पादन बंद असताना आपण किती युनिट जाळले?

याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता सिक्युरिटीच्या माणसाने मुख्य मीटरवरचे केडब्ल्यूएच, म्हणजे युनिट, लिहून घ्यायचे, फरकाला मीटरच्या मल्टिप्लाइंग फॅक्टरने, म्हणजे ठरलेल्या गुणकाने, गुणायचं. उच्चदाब जोडणी असेल तर मीटरमध्ये लोडची नोंद आपोआप साठत असते, तो लोड सर्व्हे काढून मागवा. मग त्या सहा तासांत काय काय चालू होतं याची यादी करायला सांगा. ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) ब्लोअर चालू असणारच आणि तो बंद करूही नका, टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते. ट्रान्सफॉर्मरचा थोडा नो-लोड लॉस, म्हणजे काही चालू नसतानाही जाणारी वीज, राहणार. पण त्यापलीकडे कूलिंग टॉवरचे पंखे, रिकाम्या हॉलचा एएचयू (थंड हवा पुरवणारं यंत्र), कोणी वापरत नसलेला चिल्ड वॉटर पंप अशी मंडळी यादीत दिसतील. आणि जवळजवळ हमखास दिसेल तो एअर कॉम्प्रेसर.

कॉम्प्रेस्ड एअरवर, म्हणजे मशीन चालवायला दाबून भरलेल्या हवेवर, जरा थांबतो, कारण कारखान्यात एवढी महाग ऊर्जा दुसरी नाही आणि एवढी फुकट समजली जाणारीही नाही. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल तर त्यातून सुटणारी हवा पुन्हा भरायला कॉम्प्रेसर साधारण साडेतीन किलोवॅट घेतो. तीन शिफ्ट आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंचवीस हजार युनिट होतात. साडेआठ रुपये दराने दोन लाखांच्या वर. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका भोकाचे वर्षाला साडेसतरा टन. हे भोक बंद करायला लागणारं फिटिंग शंभर-दीडशे रुपयांचं असतं.

गळती मोजायची रीत सोपी आहे. उत्पादन बंद ठेवून एकच कॉम्प्रेसर चालू करा. तो किती वेळ लोडवर राहतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड होतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून आठ-दहा वेळा लिहा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड निघालं तर त्या यंत्राच्या क्षमतेचा पाव भाग फक्त गळती भरून काढतोय. व्हीएफडी कॉम्प्रेसरला ही रीत लागू पडत नाही, कारण तो स्पीड कमी-जास्त करत राहतो. तिथे पॉवर मीटर लावूनच मोजावं लागतं. भोकं सापडतात ती नेहमीच्या जागी: एफआरएलची (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरची) वाटी, पीयू (प्लॅस्टिकच्या) ट्यूबचे पुश-फिट कनेक्टर, क्विक कपलिंग, अडकून उघडा राहिलेला ऑटो ड्रेन, सिलिंडरचं झिजलेलं सील. साबणाचं पाणी पुरतं. लाइन उंचावर असेल तर अल्ट्रासॉनिक डिटेक्टर भाड्याने आणा.

इतकं सोपं असून गळती पुन्हा का येते? एक कारण दाबाचं आहे. लाइनच्या टोकाच्या एका मशीनला हवा कमी पडते म्हणून कोणीतरी कॉम्प्रेसरचा सेटिंग सहावरून साडेसातवर नेतो. खरा दोष चोक झालेल्या फिल्टरचा किंवा दीड इंची पाइपला जोडलेल्या पाऊण इंची तुकड्याचा असतो. दाब एक बारने वाढवला की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्के वाढते आणि प्रत्येक भोकातून हवाही जास्त सुटते. त्या मशीनजवळ एक छोटा रिसिव्हर (हवेची टाकी) बसवला असता तर भागलं असतं.

दुसरं कारण आपल्या टेबलाशी येऊन पोहोचतं. ते फिटिंग खरेदी विभाग घेतो आणि त्याची वर्षअखेरची कामगिरी मोजली जाते ती किती स्वस्त घेतलं यावर. चाळीस रुपयांचा कनेक्टर सहा महिन्यांत फुसफुसायला लागतो, पण त्यातून गेलेली वीज खरेदी विभागाच्या खात्यात दिसत नाही. ती लाइट बिलात जाते आणि लाइट बिल ओव्हरहेडमध्ये. मेंटेनन्सच्या माणसाला दोन्ही दिसतं, पण सहीचा अधिकार पाच-दहा हजारांच्या पुढे नसतो. या दोन वह्या ज्या टेबलावर एकत्र येतात ते टेबल कंपनीत एकच आहे आणि ते आपलं आहे. हवामानबदलाच्या कामात कंपनीच्या प्रमुखाची नेमकी भूमिका काय, याचं आमचं उत्तर एवढंच आहे.

मोटरीचंच बघा. पंधरा किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर तीन शिफ्ट चालली तर वर्षाला दहा लाखांच्या आसपास वीज खाते. मोटरची किंमत याच्या दहाव्या हिश्शाएवढीही नसते. तरीही तुलना होते ती किमतीची, आणि जळालेली मोटर भरून, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळून, आणली जाते कारण भरण्याचा खर्च नव्या मोटरीच्या तिसऱ्या हिश्शात भागतो. रिवाइंडिंग करणाऱ्याने जुनी वाइंडिंग काढताना स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) जास्त तापवला की कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, आयर्न लॉस (लोखंडात वाया जाणारी वीज) वाढतो आणि मोटर पुढे कायम दोन टक्क्यांपर्यंत जास्त वीज घेत राहते. अनेक मोटरी तर दोनदा-तीनदा भरलेल्या असतात. नियम एका ओळीचा करता येतो: वर्षात चार हजार तासांपेक्षा जास्त चालणारी मोटर जळाली तर ती भरायची नाही, आयई३ कार्यक्षमतेची किंवा त्याहून चांगली घ्यायची आणि त्यासाठी वेगळी मंजुरी लागणार नाही. अशी मोटर स्टोअरमध्ये आधीच आणून ठेवा. रात्री दोन वाजता लाइन बंद पडली की हाताला जे लागेल तेच बसतं.

खरेदीच्या तुलनेत आयुष्यभराची वीज धरा, आणि त्यावर उत्सर्जनाच्या प्रत्येक टनाला लावलेली कार्बनची किंमतही धरा. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये टनाला दहा डॉलर अशी अंतर्गत कार्बन किंमत जाहीर केली, तेव्हा भारतात हे नवीन होतं. टनाला हजार रुपये धरले तर विजेच्या युनिटवर ७० पैसे चढतात. ही रक्कम मोठी नाही. पण तीन वर्षांहून जरा जास्त वेळात पैसे परत देणारा प्रस्ताव तीन वर्षांच्या अटीत बसत नाही म्हणून परत जातो, तो या ७० पैशांनी बऱ्याचदा अटीत बसतो. आणि परतफेडीची ही तीन वर्षांची अट वीस वर्षं चालणाऱ्या चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) का लावायची, हाही प्रश्न आपणच वित्त विभागाला विचारू शकता.

बॉयलरबद्दल आपल्याला तीन आकडे पाठ असले तरी पुरे. नळ्यांवर एक मिलिमीटर क्षार बसला की इंधन पाच ते आठ टक्के जास्त जातं. चिमणीतून जाणाऱ्या धुराचं तापमान बावीस अंशांनी कमी केलं की एक टक्का इंधन वाचतं. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, सहा अंशांनी गरम मिळालं तरी एक टक्का वाचतं. या शेवटच्या आकड्यामुळेच गरम कंडेन्सेट (वाफेचं पुन्हा झालेलं पाणी) गटारात सोडणं परवडत नाही. नव्वद अंशांचं पाणी फेकून तीस अंशांचं भरलं की दहा टक्के इंधन गेलं. कापड आणि केमिकलवाले ते फेकतात कारण प्रोसेसचा माल त्यात मिसळण्याची भीती असते. भीती खरी आहे. पण कंडेन्सेटच्या लाइनवर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात मिसळलेले क्षार ओळखणारा) आणि थ्री-वे व्हॉल्व्ह बसवला की फक्त बिघडलेलं पाणी बाहेर जातं, बाकीचं परत येतं. रंगाचा किंवा तेलाचा धोका असेल तिथे कंडक्टिव्हिटीवर विसंबू नका, टर्बिडिटी (गढूळपणाचा) मीटर लावा.

कोळसा किंवा फर्नेस ऑइल सोडून ब्रिकेटवर (काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्यांवर) जाण्याची सध्या लाट आहे आणि ती चांगली आहे. फसतं ते जूनमध्ये. ब्रिकेट वजनावर घेतले जातात, पावसाळ्यात ओलावा वाढतो, आपण पाण्याला इंधनाचा भाव देतो, वाफ कमी पडते आणि अटेंडंटला पुन्हा कोळसा टाकावा लागतो. मातीमिश्रित माल आला की ग्रेटवर (भट्टीच्या जाळीवर) क्लिंकरची, म्हणजे वितळलेल्या राखेची, ढेप बसते. म्हणून करार करताना भाव ओलावा वजा करून ठरवा, प्रत्येक ट्रकच्या तीन जागांहून नमुना घ्या, मॉइश्चर मीटर गेटवर ठेवा, आणि पहिल्या पावसाआधी दोन महिन्यांचा साठा मावेल एवढी पत्र्याची शेड बांधा. अहवालात इंधन बदलल्याचं लिहिलं जातं, पण ही शेड बजेटमध्ये नसते आणि तिच्यावाचून इंधन खरोखर बदलत नाही.

एसी आणि चिलरच्या गॅसची नोंद तर फारच थोड्या कारखान्यांत दिसते. एक किलो आर-४१०ए हवेत गेला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. दुरुस्तीला येणारा माणूस जुना गॅस हवेत सोडून नवा भरतो, त्यात वेळ वाचतो. वर्षभरात किती किलो गॅस भरला त्याची बिलं काढा, तेवढीच आपली गळती. सर्व्हिसच्या करारात रिकव्हरी सिलिंडरची, म्हणजे जुना गॅस काढून भरायच्या सिलिंडरची, अट घाला.

आता छतावरच्या सोलरबद्दल. आपल्या राज्यात एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतं. वर सांगितलेल्या एका भोकाची वीज भरून काढायला अठरा किलोवॅटचं सोलर लागेल, म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. म्हणून आधी गळती, मोटरी, बॉयलर आणि मग सोलर, असा क्रम ठेवा. उलटं केलं तर वाया जाणाऱ्या विजेच्या मापाचं सोलर बसतं. जुन्या सिमेंट पत्र्याच्या शेडवर घाईने चढू नका, छताच्या ट्रसला (सांगाड्याला) वजन पेलेल का ते तपासून घ्या. धुण्यासाठी पाण्याची लाइन आणि चालायला पायवाट पहिल्याच डिझाइनमध्ये घ्या, नाहीतर फाउंड्रीच्या धुळीत उत्पादन पडतं आणि कोणी वर जात नाही.

सोलर लावलं तरी तिसरी शिफ्ट मुख्यतः कोळशाच्या विजेवरच चालते, आणि तो कोळसा २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीज केंद्रासारख्या ठिकाणी जळतो. वार्षिक हिशेबात शंभर टक्के हरित वीज लिहिता येते, पण रात्री दोन वाजताच्या फर्नेसला ते लागू पडत नाही. त्यावर उपाय कामाच्या वेळेत आहे. हीट ट्रीटमेंटची बॅच, वितळवण्याचं काम, टाक्या भरणं, बॅटरीच्या फोर्कलिफ्टचं चार्जिंग, यातलं जितकं दुपारी घेता येईल तितकं घ्या. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग ठेवायचं ठरवलंच आहे. पण शिफ्टचं वेळापत्रक उत्पादन प्रमुख ठरवतात आणि त्यांचं उद्दिष्ट फक्त टनात किंवा नगांत दिलेलं असतं. त्यात टनामागे किती युनिट हा दुसरा आकडा आपण घातलात तरच ते बदलेल.

झाडं लावण्याच्या विरोधात आम्ही नाही. ५ जूनला रोपं लावा, फक्त त्यांना तीन उन्हाळे पाणी द्यायचं टेंडर त्याच दिवशी काढा, कारण रोपं मरतात ती दुसऱ्या मेमध्ये. आणि ती उत्सर्जनाच्या हिशेबात धरू नका. पूर्ण वाढलेलं झाड ढोबळमानाने वर्षाला वीस किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. त्या एका तीन मिलिमीटरच्या भोकासाठी आठ-नऊशे मोठी झाडं लागतील.

पुरवठादारांबद्दल आम्हाला जरा कळकळीने सांगायचं आहे. मोठ्या कंपनीचं बरंचसं उत्सर्जन तिच्या भिंतीबाहेर होतं, हिशेबाच्या भाषेत स्कोप ३ मध्ये. म्हणून दहा-बारा सीएनसी मशीन असलेल्या वर्कशॉपला दोनशे प्रश्नांची एक्सेल शीट जाते. तिथे मालक स्वतः क्वालिटीही बघतो आणि जीएसटीही भरतो. तो ती शीट कशीबशी भरतो, आकडे अंदाजे टाकतो, आणि त्याच आकड्यांवर आपला अहवाल उभा राहतो. त्याऐवजी त्याच्याकडून एक पान घ्या: बारा महिन्यांची लाइट बिलं, डिझेलचे लिटर, एलपीजीचे किलो, आणि एकूण मशीन-तासांपैकी आपल्या मालाचे तास. युनिटला ०.७, डिझेलच्या लिटरला २.६८ आणि एलपीजीच्या किलोला साधारण ३ किलो धरून हिशेब आपल्या माणसाने करावा. युरोपात बोल्ट-नट पाठवणाऱ्यांना तर हे आता टाळता येणार नाही. तिथला सीबीएएम, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावरचा आकार, १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाला आहे आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा नसेल तर ठरवून दिलेले चढे आकडे लावले जातात.

आकडे मिळाल्यावर पुढे काय? त्या वर्कशॉपला नवा कॉम्प्रेसर घ्यायचा तर बँक ऑर्डर बघते, आणि आपली ऑर्डर असते तीन महिन्यांची. पैसे नव्वद दिवसांनी येतात, कायदा पंचेचाळीस दिवसांचा असताना. वरून दरवर्षी कॉस्ट डाउनची (भाव कमी करण्याची) मागणी. वीज वाचवली असं त्याने सांगितलं की तीच बचत भावातून कापली जाते, मग तो सांगत नाही आणि वाचवतही नाही. आपण तीन वर्षांची ऑर्डर द्या, पैसे वेळेत द्या, आणि विजेच्या बचतीला पहिली दोन वर्षं हात लावणार नाही असं लेखी द्या. डायचा (साच्याचा) खर्च जसा पार्टच्या किमतीत अमॉर्टाइज करता, म्हणजे थोडा थोडा वाटून फेडता, तसा कॉम्प्रेसरचा, इंडक्शन फर्नेसचाही करता येतो. ही पद्धत आपल्या खरेदी विभागाला तोंडपाठ आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असंही नाही. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरात असताना जमशेटजी टाटांनी घाटाच्या पाण्यावर वीज करायचा विचार केला. ते १९०४ मध्ये गेले, आणि १९१५ मध्ये खोपोलीहून गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याच वाटेवर पुढे मुळशीचं धरण आलं, शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांसह मावळच्या लोकांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. आज पवनचक्क्या आणि सोलर पार्कसाठी गायरानं आणि शेतजमिनी घेतल्या जातात. त्यांची वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे थेट उत्पादकाकडून, विकत घेताना जमिनीचा सातबारा, भाडेकराराची प्रत आणि गुराखी कुठे गेले याची माहिती मागवा. विकासकाने दिलेलं हमीपत्र त्यासाठी पुरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी अहवालात जोखीम म्हणून एका ओळीत येते. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. नदीकाठच्या प्लांटमध्ये त्या खुणेच्या वर एक मीटर तरी मुख्य पॅनेल, डीजी (डिझेल जनरेटर) आणि रसायनांची गोदामं न्या. ईटीपीच्या टाक्या जूनआधी निम्म्या रिकाम्या ठेवा. विदर्भात मे महिन्यात फर्नेससमोरचं काम पहाटे पाचला सुरू करा, छताला टर्बो व्हेंटिलेटर आणि पांढरा उष्णतारोधक रंग द्या, आणि ठेकेदाराच्या कामगारांनाही पिण्याचं गार पाणी, सावली आणि दर तासाला विश्रांती मिळते ना ते स्वतः जाऊन बघा.

दिवाळीच्या शटडाऊनची यादी दोन महिने आधी बनते. हवेच्या लाइनचे सेक्शन व्हॉल्व्ह, स्टीम ट्रॅप (वाफेच्या लाइनमधलं पाणी काढणारे), बॉयलरच्या नळ्यांची सफाई ही कामं त्यात दरवर्षी असतात आणि उत्पादनाची घाई झाली की दरवर्षी पहिली कापली जातात. व्हॉल्व्ह यायला सहा आठवडे लागतात, म्हणून त्याची पर्चेस ऑर्डर यादी बनेल त्याच आठवड्यात निघायला हवी. यंदा यादी आपल्याकडे आली की या तीन ओळींवर आपली सही करा, आणि त्या कापायच्या असतील तर फक्त आपल्या परवानगीने, असं शेजारी लिहा.

आपले,
कारखान्यांच्या युटिलिटी विभागांत काम करणारे एनर्जी ऑडिटर, मेंटेनन्स इंजिनिअर आणि बॉयलर अटेंडंट